पोंगा

पामतेलाच्याच डब्यात लावला होता पाम,
रेशनच्या, पंधरा किलोच्या.
विनोद म्हणून तेव्हा सगळे हसलो होतो.
आता खोड माझ्या छातीएवढं,
झावळ्या पोर्चच्या पत्र्यावर खरखरतात,
आणि सातपूरचं रो-हाउस विकलं गेलंय.
नवा मालक सज्जन आहे.
त्याला तिथे गाडी लावायचीय, एवढंच.

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याला, चौथा मजला.
बाल्कनीत तुळस मावते, आणि अर्धी सायकल.
कुमुदने कुणाकुणाला विचारलं, मला ठाऊक नाही,
पण देवळाली कॅम्पातून फोन आला.
नऊ वर्षांनी दिगंबरचा आवाज:
"आमच्या मागच्या अंगणात जागा आहे."
झाडाला, असं तो म्हणाला नाही.
मीही विचारलं नाही.

मखमलाबाद रोडच्या नर्सरीतून कौतिक गांगुर्डे आला,
पहार, दोन फावडी आणि एक न बोलणारा भाचा घेऊन.
आधी खोडाच्या उत्तर अंगाला खडूने फुली मारली.
"जिकडं तोंड, तिकडंच तोंड."
खालच्या झावळ्या उतरवल्या,
वरच्या बांधल्या जुन्या पलंगाच्या नवारीने.
बांधलेला पाम मिटलेल्या छत्रीसारखा दिसतो,
आणि थोडा ओशाळलेलाही.

मी लेथवर एकतीस वर्षं काढली.
टेप घेऊन उभा: गड्डा केवढा धरायचा?
कौतिकने खोडापासून आपला हात टेकवला,
कोपर ते बोट. "एवढा."
मी मोजलं. चारशे अठ्ठावन्न.
पलीकडच्या बाजूलाही चारशे अठ्ठावन्न.
टेप खिशात घातली.

दोन फूट काळी माती, मग मुरूम.
याला सोटमूळ नसतंच.
नुसत्या दोऱ्या, करंगळीएवढ्या, शेकड्यांनी,
तुटताना ओलं गोणपाट फाटल्याचा आवाज.
मी आत गेलो, पाणी आणायच्या निमित्ताने.
"काका, हाई मरस नही," कौतिक मागून ओरडला,
"रुसस फक्त."

अकराच्या सुमाराला गड्डा तासताना
फावडं पत्र्याला लागलं.
डबा. कुणी काढलाच नव्हता तेव्हा,
डब्यासकट पुरला होता घाईत.
तळ गेला, बाजू गंजून माती झाल्या,
मुळांच्या आत रुतलेली काठाची एक पट्टी उरली, कोपऱ्यासकट.
ती वाकडी रेघ मी कुठेही ओळखली असती.
दिगूची कात्री. हात डावीकडे ओढतो त्याचा, लहानपणापासून.
चारचौघांत बोललो होतो मी तेव्हा:
पाच मिलिमीटर मारलास, बाबा, पाच!
"फेकू का?" भाच्याचं दिवसातलं एकच वाक्य.
मी ती रुमालात गुंडाळली.

सहा माणसं, एक दोर, शेजारचा वॉचमन,
तेव्हा कुठे पाम छोटा हत्तीत आडवा झाला.
मी मागे बसलो, गड्ड्याला पाठ लावून.
मुंबई नाका, द्वारका, बिटको.
सिग्नलला एक स्कूटरवाली झाडाकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे,
जसं कुणाला दवाखान्यात नेताना बघतात.

खड्डा तयार होता.
कडेने फक्कीचा गोल, तोही डावीकडे ओढलेला.
खोडावर जुन्या मातीची रेघ होती, तिथवरच बुजवलं.
फुली उत्तरेला. तीन बांबूंचा टेकू.
चहा आम्ही झाडाकडे बघत प्यालो.
रुमाल खिशातच राहिला.

कौतिक जाताना सांगून गेला:
स्टुलावर चढायचं, मधला पोंगा धरायचा,
आठवड्याला एकदा हलका ओढायचा.
हातात आला, तर झाड गेलं.
नाही आला, तर अजून काही ठरलेलं नाही.

मग रविवार.
"ओढलास?"
"ओढला."
"आणि?"
"घट्ट आहे."
चाळीस सेकंदांचा फोन.
जुलैत दोन झावळ्या वाळल्या, ऑगस्टात तिसरी.
घट्ट आहे.
घट्ट आहे.

काल मंगळवार होता.
फोन त्याचा. आधी काहीच नाही, मागे कुकरची शिट्टी.
मग म्हणाला, "पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती पोंग्यावर."
मी थांबलो.
"अकरा मिलिमीटर."
आणि जरा वेळाने,
"साडेअकराही असेल. तू येऊन मोज."