हातचा एक

राज्याचं पत्रक ऑक्टोबरात येतं,
मका निघून शेतं उघडी पडलेली असतात तेव्हा.
मी ते छापते, भोकं पाडते, फाइलला लावते.
एकोणीस वर्षं हेच.
एल्डर क्रीक मिडल स्कूल, नेब्रास्का.
सहावी ते आठवी. पट एक्याऐंशी.

यंदा गणितात सातवी घसरली, सात टक्क्यांनी.
शाळा मंडळाच्या बैठकीत वॉबेनसाहेबांनी
आकडा दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं,
जणू पहिल्यांदा आकड्यालाच ऐकू गेलं नव्हतं.

सातवीत मार्चपर्यंत अठ्ठावीस मुलं.
एक मूल म्हणजे साडेतीन टक्के.
म्हणजे घसरण दोघांची.
मला दोघंही माहीत आहेत.

एक कोरा श्ल्यूटर.
परीक्षेच्या पहाटे त्यांच्या गोठ्यात गाय अडली होती.
पोर आली ती दोन्ही बाह्या ओल्या घेऊनच,
आणि तिसऱ्या प्रश्नावर डोकं टेकवून झोपली.
पर्यवेक्षणाला मीच होते.
उत्तर सुचवायचं नाही असा नियम आहे,
झोपेबद्दल काही लिहिलेलं नाही.
मी उठवलं नाही.

दुसरा घसरला नाही, गेला.
अदाल्बेर्तो. अपूर्णांक तोंडी सोडवायचा,
खिडकीबाहेर बघत.
डुकरांच्या कारखान्यातली रात्रपाळी बंद झाली
आणि त्याच्या घरच्यांनी गाद्या गाडीच्या टपावर बांधल्या.
मी त्याच्या नावापुढे लिहिलं: स्थलांतर.
टक्के आपोआप खाली बसले.

दुसऱ्या पानावर वंशांचे रकाने.
गोरी बेचाळीस. हिस्पॅनिक चौतीस.
त्या चौतिसांत एल्विरा.
घरची भाषा स्पॅनिश ना, मी तिच्या आईला विचारायचे,
आई दोन वर्षं मान हलवत राहिली.
तिसऱ्या वर्षी कळलं, घरात माम बोलतात,
ग्वातेमालातल्या डोंगरांतली.
आमच्या यादीत माम नाही. ‘इतर’ आहे.
इतर निवडलं की संगणक विचारतो,
नक्की ना?

सवलतीचं जेवण: सदुसष्ट टक्के.
माझ्या वेळी पिवळं तिकीट असायचं, याच इमारतीत.
मी ते मुठीत चुरगाळून पुढे करायचे,
आणि ओडेगार्डबाई न बघता घ्यायच्या.
ते न बघणं
कुठल्या रकान्यात भरतात, कोण जाणे.

आता चांदण्या.
जिथे मुलं दहाहून कमी, तिथे आकडा छापत नाहीत,
चांदणी छापतात.
खाली बारीक अक्षरांत: ओळख उघड होऊ नये म्हणून.
पॅसिफिक बेटांवरचे: चांदणी.
गावात मार्शल बेटांहून आलेलं घर एकच,
पेट्रोल पंपामागचं, निळ्या दाराचं.
टपालवाल्याला माहीत आहे, कुत्र्यांनाही.
ओळख लपवायची ती कोणापासून?

बेरजेत दहा भरले की
हातचा एक शेजारच्या घरात जातो,
हे पाचवीच्या आधीच शिकवून झालेलं असतं.
दहा भरलेच नाहीत
तर तो एक कुठे धरायचा,
हे मलाही कोणी शिकवलं नाही.

आज सकाळी नेइमोन उशिराची चिठ्ठी घ्यायला आली.
काउंटरपलीकडून उलटं वाचता येतं तिला.
चांदणीवर बोट ठेवून म्हणाली, “ही मी का?”
“बहुतेक,” मी म्हटलं.
“पास की नापास?”
मला ठाऊक होतं. सांगायची मुभा नव्हती.
मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली,
बहुधा माझं तोंड वाचता येत असावं,
उलटंसुद्धा.

“उशीर का झाला?”
“वारा.”
पंपापासून शाळेपर्यंत झाड नाही एकही,
आणि तिचं दप्तर तिच्याहून रुंद.
कारणांच्या यादीत आजार आहे, बस आहे, कौटुंबिक आहे.
वारा नाही.
मी हातानं लिहिला.