स्वतःचा आवाज

हरभट रोडवरच्या दुकानात माईक दोनच.
डबे सीलबंद, ऐकवून दाखवता येत नाहीत.
मग उभ्या उभ्या कागद वाचते,
आठवडाभर हेच तर शिकले.

वीस ते वीस हजार हर्ट्झ, दोन्हींवर.
हे म्हणजे स्थळाच्या पत्रात ‘मुलगा निर्व्यसनी’,
सगळेच लिहितात.
खालचा आलेख बघायचा, रेघ कुठं फुगते.
एकाची आठ हजारापाशी उगाच चढलेली:
स, श टोचणार.
दुसऱ्याची सपाट,
डिग्रजकडच्या काळ्या रानासारखी.

सोसवेल असा मोठ्यात मोठा आवाज: एकशे तीस.
पुरावा.
तीस वर्षं मार्केट यार्डात
हळदीचे सौदे पुकारलेला गळा आहे.
गुरुवारी मिरजेत स्वरयंत्र काढणार.

शेवटची ओळ बारीक अक्षरात: स्वतःचा आवाज.
म्हणजे कुणीच बोलत नसताना
माईक आपला आपण किती कुजबुजतो.
एकाचा बावीस. दुसऱ्याचा सात.
पैशांचा फरक साडेचार हजार.
सातवाला घेतला.

अण्णांनी कागद लांब धरून पाहिला.
“लॅबची चिठ्ठी. असल्या चिठ्ठ्या
आडत्याच्या गल्ल्यात ढिगानं असत्यात.”
बंडीच्या खिशातून हळकुंड काढलं,
माईकपुढं मोडलं.
टण्.
“ह्याला वाळलेलं म्हणायचं. आता ऐकव.”

हेडफोन त्यांच्या कानांवर, मोठे दिसतात.
टण् आला.
पुन्हा लाव म्हणाले.
तिसऱ्यांदा भुवई वर गेली:
“मोडायच्या आधी कोण खरडतंय? माईक?”

“नाही अण्णा. तुमचा श्वास.”

बराच वेळ काही बोलले नाहीत.
तेही रेकॉर्ड झालं,
मी बटण दाबायचं विसरले होते.

दवाखान्यातल्या बाईंची यादी तीनशे वाक्यांची.
मला पाणी हवं आहे.
दिवा बंद करा.
उद्या या.
पुढं ही वाक्यं मशीन बोलणार, त्यांच्या आवाजात.
अण्णांनी यादी पालथी घातली,
खुर्ची मागं सारून उभे राहिले,
हात वर.

“राजापुरी, लॉट एकशे सोळाऽऽ
चौदा हजार! चौदा दोनशे! बोला, चौदा दोनशे!”

सुई तांबड्यात. गेन उतरवला.
पुन्हा तांबड्यात.
आणखी उतरवला.

कागदावर एकशे तीस लिहिलंय.
बघू.