वर्णन जुळल्यास

तिसऱ्या पानावर, हवामानाच्या खाली,
वीस वर्षं मी हीच बातमी लावत आलो:
अमुक पोलीस स्थानकाच्या हद्दीतून, राहत्या घरून,
कुणाला काही न सांगता.
रंग सावळा. बांधा मध्यम.
जागा उरलीच तर चपलांचा रंगही.

तुझी बातमी पहिल्या पानावर गेली, लुर्दीन.
दोन कॉलम. फोटो जुना, म्हापशाच्या ऑफिसातला,
तुझ्या खांद्यामागे दिसतं ते कोपर माझं.
'युद्धक्षेत्रातून संपर्क तुटला'
असं नव्या पोराने लिहिलं.
मी 'संपर्क'वरचा रफार तेवढा तपासला.
दुसरं काय येतं मला?

किती लाल पेनं झिजवली तुझ्या ऱ्हस्व-दीर्घावर.
'नदी'ला तू पहिली द्यायचीस, 'आणि'ला दुसरी,
वर म्हणायचीस, वाचप्याक कळ्ळें मू?
कळायचं. सगळंच कळायचं.

उसगावात खनिजाच्या ट्रकाखाली गेलेल्या मुलाची बातमी
तू फोनवरून घेतलीस,
आणि मी कागद परत सरकवला:
त्या वळणावर जाऊन उभी राहा, मग लिही.
भर दुपारी स्कूटर काढलीस.
परत आलीस तेव्हा पावलांना लाल धूळ होती
आणि बातमीत
मुलाच्या डब्यातली भाजी.

त्या माझ्या वाक्याचं आता काय करू?
उसगावहून दिल्ली, दिल्लीहून कुठे कुठे,
शेवटी अशा एका गावी
ज्याचं नाव मराठीत कसं लिहावं
यावर डेस्कवर अर्धा तास वाद झाला.
तिथल्या वळणावर तू जाऊन उभी राहिलीस.

रविवारी शिवोलीची बस पकडतो.
तुझी आई बाल्कांवात सुंगटं सोलत बसलेली,
आत सांत आंतोनीपुढे मेणबत्ती.
म्हणते, बोकड मेळ्ळो, चावी मेळ्ळी,
पावलूचो पासपोर्टूय मेळ्ळो ताका सांगून.
हें मनशाचें. वेळ लागतलो.
मग हात थांबवून मलाच विचारते:
तूं पेपरांतलो. तुका कितें खबर?
मी ताटातली सुंगटं जवळ ओढतो,
मला धड सोलताही येत नाहीत.
ती दोनदा बघते, तिसऱ्यांदा ताट काढून घेते.

तुझा शेवटचा निरोप सव्वीस दिवसांपूर्वीचा.
'पोचले. दिवे नाहीत. पाव मात्र गरम मिळाला.
एक म्हातारी विचारत होति तुमच्याकडे पाउस कसा.'
होति. पाउस.
मुद्दाम केल्यास ना, मला चिडवायला?
तेव्हा मी प्रूफं वाचत होतो.
म्हटलं, पान सुटलं की कळवू.
कळवलं, पाऊस बरा आहे, भाजी महाग.
एकच करडी खूण उमटली.
अजून एकच आहे.

पान सुटल्यावर हल्ली कोरा कागद घेतो.
नाव लुर्दीन आफोंसो. वय एकेचाळीस.
रंग सावळा. डाव्या भुवईत व्रण, शाळेच्या घंटेचा.
बोली कोंकणी. मराठी लिहिते, चुकांसकट.
अंगात

इथे थांबतो रोज.
अंगात काय होतं मला माहीत नाही.
ते जड निळं जाकीट, की आईने विणलेला,
एक बाही आखूड झालेला स्वेटर.
दुसऱ्या कुणी अशी बातमी आणली असती
तर कागद परत सरकवला असता मी,
म्हटलं असतं, जा, विचारून ये.

वर्णन जुळणारी व्यक्ती आढळल्यास
कृपया खालील क्रमांकावर.
इथे पोलीस स्थानकाचा नंबर येतो.
मी घरचा घालतो.
खाली छपाई सुरू होते, टेबल थरथरतं,
ग्लासातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं.
कागद खणात जातो,
कालच्या कागदावर.