पाचर

फेब्रुवारीत तोडलेला बर्च.
रस चढायच्या आत तोडावा लागतो,
नाहीतर साल सुटते, आणि साल सुटली की सगळंच सुटतं.
हातभर लांबीचे नऊ ओंडके
मी कुंपणाला टेकवून उभे केले, तेव्हा
पलीकडून आर्विद्स शिंकल्यासारखा करून आत गेला.
आमच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं,
विहिरीच्या पंपावरून भांडलो त्या वर्षापासून:
त्याचं शिंकणं, माझं बादली आपटणं.

एप्रिलमध्ये गिरमिट.
वीतभर अंतरावर भोक, भोकात
बुरशी चढलेली लाकडी पाचर,
हातोडीचे दोन टोले,
वर मेणाची टिकली.
मेण नाताळातल्या मेणबत्त्यांच्या उरलेल्या टोकांचं.
एका ओंडक्याला वीस, म्हणजे एकशे ऐंशी.
इतक्या पाचरा ही बाई कुणाच्या कामात मारतेय,
असं त्याला वाटलं असणार.
मी तर लाकडाला विरजण लावत होते.
चाळीस वर्षं बेकरीत राईच्या पिठाचं आंबवण
तान्ह्या बाळासारखं सांभाळलंय मी.
आता फक्त मुरू द्यायचं.

ढलप्या उरल्या, त्या वाफ्यांमधल्या वाटेवर पसरल्या,
त्यात दुसरं एक बियाणं कालवलं, लाल टोपीचं,
आणि विसरून गेले.

तो उन्हाळा शेपूचा.
रात्रीचे अकरा वाजले तरी उजेड हलायला तयार नाही,
उंबऱ्यावर उभा राहून बोलतच राहणाऱ्या पाहुण्यासारखा.
मी ओंडक्यांवर पाणी मारायची.
राइविस रीगाहून फोनवर विचारायचा, "आजी, आल्या का?"
म्हटलं, करवतीच्या कापावर पांढरं दिसतंय,
दूध सांडून वाळल्यासारखं.
"म्हणजे आल्या?"
"नाही रे. म्हणजे आत आहेत."
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
माझी खोडं तर मेलेलीच होती
आणि आता कुठं सुरुवात करत होती.

मग बर्फ.
घरात पिंपात कोबी मुरत होता,
बाहेर लाकूड मुरत होतं,
आणि पडद्याआडून आर्विद्स बघत होता,
कुठंतरी पाणी मुरतंय या खात्रीनं.

जूनमध्ये उगवल्या.
माझ्या वाटेवर नाही. कुंपणाखालून जाऊन
त्याच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात,
दोरी लावून आखलेल्या ओळींच्या बरोबर मधे,
त्याने अंथरलेल्या पेंढ्यातून
सतरा,
बशीएवढ्या, भाजल्या विटेच्या रंगाच्या.
कुंपणाचे खांब आम्ही दोघांनी मोजून रोवले होते.
खाली किती खोलवर कुणाचं, ते ठरलं नव्हतं.

सकाळभर तो फावडं घेऊन उभा.
मी बटाट्यांत वाकलेली, मान वर न करता
सगळं बघत.

दुपारी खांबावर वर्तमानपत्राची पुडी.
आत सोळा. देठ चाकूने सरळ कापलेले.
"एक मी खाल्ली," तो म्हणाला, "परतून.
चार तास थांबलो. काही झालं नाही."
शिंकला नाही.
"आंबट साय घालायची," मी म्हटलं. "आणि शेपू."
शेपू त्याच्याकडे नव्हता.
कुंपणावरून जुडी दिली.

पंपाबद्दल बोललो नाही. अजूनही नाही.

ऑक्टोबरात दव गोठलं त्या रात्रीनंतर
ओंडके फुटले: राखाडी कानांचे घोस,
सालीआड कुणाला तरी एकदम ऐकू यायला लागावं तसे.
सगळे कान त्याच्या बाजूला.
दोन टोपल्या निघाल्या. एक कुणाची, हे सांगायला नको.
टोपली परत करताना म्हणाला,
त्याच्या शेडमागचा ओक फेब्रुवारीत पाडायचाय.
मेण उरलंय का, एवढंच विचारलं.

यंदा नाताळात
मेणबत्त्या मी अर्ध्यातच विझवल्या.