सागरगोटा

डोळे मिटा, क्लेअरमॉन्ट.
कळलं की 'हो' म्हणा.

नायलॉनचा हा एवढासा धागा,
टेकवला की वाकतो,
त्याहून जास्त जोर लावायचा नसतो.

अंगठा. "हो."
टाच. "हो."
आता धागा माझ्या हातात, नुसता हवेत,
आणि ते म्हणतात, "हो, हो."

खोटारडे नाहीत ते.
नर्सबाईला नाही म्हणायचं
जिवावर येतं, एवढंच.

बार्बाडोसच्या या उत्तर टोकाला
दुखण्याला नुसतं साखर म्हणतात.
याला साखर आहे, तिच्या आईला साखर होती.
क्लेअरमॉन्टनी चाळीस वर्षं ऊस तोडला,
साखर मात्र पेन्शनीत आली.

साखर आली की मुंग्या येणारच.
आधी बोटांत, मग घोट्यापर्यंत, रात्री रात्री.
इयान्थी खोबरेल चोळत बसायची.
मग एक दिवस मुंग्या निघून गेल्या.
दोघांना वाटलं, सुटलो.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
जायला वाट लागते.
ती वाटच यांची कुठेतरी पुसली गेली.

उजवा बूट आज सोबत आणलेला,
"जरा घट्ट होतोय," म्हणून.
उपडा केला.
टप्प.

सागरगोटा.
राखाडी, गुळगुळीत, वारीच्या पाटावरचा,
बदामाच्या झाडाखाली रोज डाव पडतो त्यातला.
"अरे! शनिवारपासून शोधतोय!
मी तर ऑर्मंडला चोर म्हटलं!"
ते हसले.
आज मंगळवार होता.
मोजा तळव्याला चिकटला होता.

भाऊ विन्स्लो असाच गेला गुडघ्यापासून.
खिळा बुटात, बूट पायात,
आणि दुखणं कुठेच नाही.

मी मेलेली कातडी कापते.
भूल द्यावी लागत नाही.
ते क्रिकेटबद्दल बोलत राहतात,
मला त्याचीच भीती वाटते.

इयान्थीला सांगते:
रोज संध्याकाळी जमिनीवर आरसा ठेव,
त्यांचा तळवा त्यांनाच दाखव.
पाण्यात आधी तुझं कोपर,
बुटात आधी तुझा हात.
भोवरी दिसली तर ब्लेड नको, इकडे ये.
आणि अनवाणी? अंगणातसुद्धा नाही.
ती म्हणाली, "म्हणजे आता यांचं दुखणं
मीच दुखवून घ्यायचं."
मी म्हटलं, हो. तसंच काहीसं.

सहा आठवडे खुर्चीत, पायाला फेल्टची गादी.
जखम भरली.
जाणीव नाही परतली, ती परतणार नाही.

पुन्हा डोळे मिटले त्यांनी.
पुन्हा धागा. अंगठा.
बराच वेळ गप्प.
"नाही कळत," म्हणाले.

मी वहीत तारीख टाकून लिहिलं ते,
दोन वर्षांतलं पहिलं खरं उत्तर.

सागरगोटा धुऊन खिडकीत ठेवलाय इयान्थीने.
पाटावर एक कमीच आहे अजून.
ऑर्मंडची माफी मागायचं तेवढं
राहून गेलंय.