अठ्ठावीस मिनिटं

गोंदूरच्या धावपट्टीवरून कुत्री हाकलायचं काम माझं.
शिकाऊ पोरं नकाशावर पट्टी ठेवतात, म्हणतात,
भिकनबाबा, जळगाव अठ्ठावीस मिनिटं,
वारा समोरून असला तर बत्तीस.

मी एसटीनं जातो.
फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल,
पाळधीच्या आत कुणीतरी ओकतंच.
तीन तास धरा.
पुढे कुसुंब्याच्या रिक्षावाल्याशी भांडण, ते वेगळं.

तिथल्या विमानतळाच्या कुंपणाला लागून
माझ्या इंदूचं घर.
विमान उतरलं की खाटेवरच्या बिबड्या थरथरतात, म्हणते.

आज त्या चष्मेवाल्या पोरीला विचारलं,
एवढी पिशवी नेशील?
कळण्याचं पीठ, दोन किलो, आत्ताच चक्कीवरून आणलंय.
तिनं पिशवी हातावर तोलली,
वहीत वजन लिहिलं, पेन्सिलीनं.

चाकं उठली तशी मी घड्याळाकडं पाहिलं.
बोरी ओलांडली, अंजनी ओलांडली,
गिरणेवर जरा थांबलो, मनातच.
अठ्ठावीस झाली. बत्तीस. चाळीस.
कुंपणापर्यंत चालत जायला किती लागतं
ते नकाशात नव्हतं.

मग फोन.
"आबा, पीठ मिळालं. कोमट आहे अजून."

एसटीतलं पीठ
पारोळ्यालाच निवतं.

फोन खिशात ठेवला तर
पट्टीच्या मधोमध एक कुत्रं, निवांत,
कधीपासून बसलेलं.