एवाल्दोचं वय

किशादात आमच्या दुकानाच्या दारातून
खुडूक कोंबडीसारखा बसलेला मोठा खडक दिसतो.
एवढी वर्षं बसलीय, अंडं काही दिसलं नाही,
असं मेस्त्रे ओनोफ्रे म्हणायचे
आणि ब्रश दातात धरून
कुणाच्या तरी बापाला कोट चढवायचे.

इथं लोक आणतात तो फोटो कधीच पुरेसा नसतो.
मतदार कार्डावरचा, अंगठ्याएवढा, घामानं पिवळा.
म्हणतात, टाय घाला. मिशी सारखी करा.
बाळाचे डोळे उघडा.
मेस्त्रे उघडायचे. मीही उघडते,
फक्त बुबुळ काढताना पंखा बंद करते.
का, ते मला विचारू नका.

हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी
फोर्तालेझाहून जुना कॉम्प्युटर आणवला,
पडद्याला नाक लावून हुंगलं,
"टर्पेंटाइन नाही," म्हणाले, आणि खुर्ची मला दिली.

दोना झुल्मिरा त्यांच्या काळापासूनच्या.
नवरा बावीसचा असताना लॉरीत बसून दक्षिणेला गेला,
साओ पावलोत इमारती बांधायला.
दोन पत्रं आली, एक मनिऑर्डर. मग काही नाही.
"मेला असं कुणी सांगितलं नाही,
म्हणजे वाढतोय.
भिंतीवर हा पोरगा टांगून
मी काय त्याची आई दिसू?"

पहिली दहा वर्षं मेस्त्रेंनी चढवली, पेस्टल घासून.
पुढची सगळी माझी.
चार-पाच वर्षांनी, काजूचा हंगाम सरला की
पिशवीत चीज घेऊन यायच्या.
एकदा पांढऱ्याची छटा जमेना.
निळसर झाली, तर म्हणे, हा काय मासा आहे?
मग डोक्यातून एक केस उपटून
स्कॅनरच्या काचेवर ठेवला.
"हा घ्या. लग्न एकाच दिवशी झालंय आमचं,
पिकणार पण बरोबरच."

मी ड्रॉपरनं त्या केसातला रंग उचलला
आणि एवाल्दोच्या कानशिलावरून वर नेला.
बारीक ब्रश, दाब कमी, एकेक केस सुटा.
त्या लेयरला नाव दिलं: झुल्मिरा.
नंतर चष्मा आला. काचेत उजेड हवा,
उजेडाला खिडकी हवी.
साओ पावलो मी पाहिलेलं नाही.
आमचीच खिडकी काढली, खडकासकट.

यंदा आल्या त्या काठी टेकत.
"आज वाढवू नका," म्हणाल्या.
"गेला तेव्हा होता तसा एकदा दाखवा.
चेहरा निसटतोय."

प्रत्येक लेयरपुढं एक छोटा डोळा असतो.
मी एकेक मिटत गेले.
चष्मा गेला, खिडकी गेली, कोंबडी उडाली.
गळ्याखालची सैल कातडी,
टाय, कोट, निळी भिंत,
झुल्मिरा.
तळाशी उरला उघड्या गळ्याचा पोरगा,
एका कानावर फ्लॅशचा डाग,
घडी नाकावरून आडवी गेलेली.

त्या पडद्याजवळ सरकल्या.
पंखा बंदच होता.
"कोण हा?"

एवाल्दो, मी म्हटलं.

"असेल.
कुणाचा तरी मुलगा दिसतो. जेवला नसावा."
थोडा वेळ पुन्हा बघितलं, काठीची मूठ चोळत.
"बरं. आता माझा नवरा लावा परत."

मी डोळे उघडत गेले, खालून वर.
चष्मा आला तशा त्यांनी
स्वतःच्या पदरासारख्या शालीनं पडदा पुसला,
धूळ नव्हती तरी.

काम काहीच झालं नव्हतं, पैसे घेईना मी.
त्यांनी मोजून टेबलावर ठेवले, वर चीज.
दारातून वळून म्हणाल्या,
"पुढच्या खेपेला भुवया विरळ करा.
त्याच्या बापाच्याही गळल्या होत्या."